एम.ए. आधी की संशोधन आधी? धर्मानंद कोसंबींच्या आयुष्यातला धडा

बी.ए. झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न आता गावोगावच्या विहारांत ऐकू येतो. घरातली पहिली पदवी हातात असते आणि पीएच.डी.ची इच्छा मनात असते. मधली दोन वर्षे एम.ए.ला द्यावीत, की एखाद्या संशोधन प्रकल्पावर काम धरून अनुभव आणि चार पैसे मिळवावेत, यावर मुलामुलींत खल चालतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांमुळे या चर्चेला आणखी धार आली आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण केलेल्याला आता एम.ए. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना त्यात पाच टक्क्यांची सवलत देता येते. एम.फिल. तर याच नियमांनी बंद केली. त्यामुळे एम.ए. म्हणजे वेळेचा अपव्यय, थेट संशोधनाला लागा, असे सांगणारे बरेच भेटतात.

या मताच्या बाजूने द्यायचेच झाले, तर सर्वांत भक्कम उदाहरण आचार्य धर्मानंद कोसंबींचे आहे. ज्यांच्याकडे एम.ए. सोडा, मॅट्रिकचेही प्रमाणपत्र नव्हते, त्यांना हार्वर्ड विद्यापीठाने पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावले. कलकत्त्यात, पुण्यात, अहमदाबादेत आणि लेनिनग्राडमध्ये त्यांनी पाली शिकवली. मराठीत बुद्ध वाचणारा माणूस आजही त्यांच्या पुस्तकांपाशी येतोच. आणि केळझरच्या आपल्या लोकांसाठी तर हा माणूस परका नाही. केळझरहून सेलू, पवनार ओलांडून वर्ध्याला पोहोचले की सेवाग्राम आठ किलोमीटरवर आहे. तिथेच ४ जून १९४७ रोजी कोसंबींनी देह ठेवला.

पण उदाहरण द्यायचे तर पूर्ण द्यावे. पदवीशिवाय कोसंबी संशोधक झाले, हे खरे आहे. ते कसे झाले, कशाच्या बळावर झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हेही तितकेच खरे आहे. म्हणून त्यांचे आयुष्य सुरुवातीपासून पाहू.

साखवाळ ते काशी

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी, गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. घरी नारळाची बागायत होती, पण श्रीमंती नव्हती. गावात शाळेची सोय जेमतेम असल्याने शिक्षण मराठी वाचता-लिहिता येण्यापुरतेच झाले. लहानपणीच बाळाबाईंशी लग्न झाले. शेतीवाडी पाहत, मिळेल ते मराठी पुस्तक वाचत दिवस चालले होते.

‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांना बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचायला मिळाले आणि त्यांच्या मनाने त्या माणसाचा ध्यास घेतला. बुद्धाचा धम्म मुळातून समजून घ्यायचा, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी संस्कृत आले पाहिजे, असा त्यांचा समज होता. पाली ही वेगळी भाषा आहे आणि बुद्धवचन तिच्यात आहे, हे त्यांना नीट कळले ते नंतर.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होत्या. ही गोष्ट कोसंबींच्या गौरवात बहुधा एका ओळीत उरकली जाते. परंतु त्यांच्या संशोधनाचा पहिला खर्च त्या बाईने उचलला, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

पुण्यात त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर भेटले. भांडारकर तेव्हा संस्कृतचे देशातले मोठे नाव होते. त्यांनी या अनोळखी तरुणाला धीर दिला, वाट दाखवली. पुढे ग्वाल्हेरवरून कोसंबी काशीला गेले. तिथे पंडितांच्या घरी बसून त्यांनी व्याकरण आणि काव्य यांचा अभ्यास केला. जेवणाची सोय ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या अन्नछत्रात होत असे. हाल खूप झाले, थंडीत पांघरायला पुरेसे नसे, तरी अभ्यास सुटला नाही.

इथे जरा थांबू. काशीच्या अन्नछत्रातली ती पंगत आणि पंडितांच्या ओसरीवरची ती जागा कोसंबींना मिळाली, कारण ते ब्राह्मण होते. प्रमाणपत्र कोणी मागितले नाही. जात मात्र पाहिली जात होती, आणि ती पुरेशी होती. याच सुमारास मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून त्याला ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतले. पदवीशिवाय ज्ञान मिळवण्याची वाट त्या काळी सर्वांसाठी खुली नव्हती. ज्यांना पंडिताच्या दारात उभे राहता येत नव्हते, त्यांच्यासाठी सरकारी शाळा, तिची परीक्षा आणि तिचे प्रमाणपत्र हाच एक दरवाजा होता.

श्रीलंका आणि ब्रह्मदेश

१९०२ मध्ये कोसंबी नेपाळला गेले. बुद्धाच्या भूमीत बुद्धाचा धम्म सापडेल, ही आशा तिथली परिस्थिती पाहून मावळली. तिथून ते बुद्धगयेला आले आणि पुढे श्रीलंकेला गेले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविर हे प्रमुख आचार्य होते. पाली विद्येतले त्यांचे स्थान युरोपातले पंडितही मानत. त्यांच्याकडे कोसंबींनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीचा पाया घातला. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ते भिक्षू झाले. तिथल्या विहारांत त्यांनी ध्यानही केले आणि ग्रंथही वाचले. सिंहली आणि ब्रह्मी लिपी त्यांना अवगत झाल्या. ही गोष्ट पुढे फार मोलाची ठरली, कारण पाली ग्रंथांची हस्तलिखिते याच लिप्यांत होती.

त्याच काळातले आणखी एक उदाहरण शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. बंगालचे सतीशचंद्र विद्याभूषण यांनी कलकत्ता विद्यापीठातून १९०१ मध्ये पालीत एम.ए. केले. पुढे तेही श्रीलंकेला जाऊन त्याच सुमंगल महास्थविरांकडे शिकले. म्हणजे एकाने पदवी घेऊन गुरूचे दार गाठले, दुसरा पदवीशिवाय आधीच तिथे पोहोचला होता. दोघांनाही गुरू लागला, भाषा लागली, आणि वर्षानुवर्षे बसून वाचावे लागले. त्यातून सूट कोणालाच मिळाली नाही.

आज जे तरुण एम.ए. टाळून थेट संशोधन म्हणतात, त्यांनी कोसंबींची ही वर्षे मोजावीत. घर सोडल्यापासून कलकत्त्यात शिकवायला लागेपर्यंत सुमारे सात वर्षे गेली. पदवी नव्हती, पण अभ्यासक्रम होता, आणि तो कोणत्याही एम.ए.पेक्षा कडक होता. प्रकल्पावर प्रश्नावल्या भरून घेण्याच्या कामाला कोसंबींच्या वाटेचे नाव देणे योग्य होणार नाही.

कलकत्ता, बडोदा आणि पन्नास रुपये

१९०६ च्या सुमारास कोसंबी कलकत्त्याला आले. वंगभंगाच्या चळवळीतून राष्ट्रीय शिक्षणाची लाट उठली होती. नव्याने निघालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात त्यांना पाली शिकवायचे काम मिळाले. पुढे कलकत्ता विद्यापीठानेही त्यांना पालीचे अध्यापक म्हणून घेतले. पाली येणारी माणसे बोटावर मोजण्याइतकी होती, म्हणून पदवीचा प्रश्न आड आला नाही. या काळात त्यांनी चीवर सोडले आणि ते पुन्हा गृहस्थ झाले. १९०७ मध्ये मुलगा दामोदर जन्मला.

कोसंबींना मात्र महाराष्ट्रात यायचे होते. बुद्धाबद्दल मराठी माणसाला मराठीत सांगायचे होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये, तीन वर्षांसाठी, देऊ केले. अट एवढीच की त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि लेखन करावे. कलकत्त्याचा पगार याहून जास्त होता, तरी कोसंबींनी तो सोडला. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे छोटे पुस्तक १९१० मध्ये निघाले. मराठीत तिसरत्नांची ओळख साध्या भाषेत करून देणारे हे आरंभीचे पुस्तक आहे.

सयाजीराव हे नाव वाचताच आपल्या लोकांना दुसरी गोष्ट आठवेल. त्याच महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. एकाच दात्याने चार-पाच वर्षांच्या अंतराने दोन माणसांना हात दिला. एकाला पदवी नसताना लिहिण्यासाठी, दुसऱ्याला पदव्या मिळवण्यासाठी. कोसंबींना बदल्यात पुस्तके द्यायची होती. बाबासाहेबांना शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची होती.

हार्वर्डमधला पाच शतकी पेच

मुंबई-पुण्याच्या मुक्कामात कोसंबींची हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी गाठ पडली. वुड्स यांना पाली शिकायची होती, कोसंबींनी ती शिकवली. त्यातून हार्वर्डचे संस्कृतचे प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांचे बोलावणे आले.

काम असे होते. बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा इसवी सनाच्या पाचव्या शतकातला थेरवादाचा आधारग्रंथ. शील, समाधी आणि प्रज्ञा अशा क्रमाने २३ प्रकरणांत तो सगळा मार्ग उलगडतो. अमेरिकेतील हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने सिंहली आणि ब्रह्मी हस्तलिखितांवरून त्याचा पाठ तयार करायला घेतला होता. १८९९ मध्ये वॉरन वारले आणि काम अर्धवट राहिले. ते पूर्ण करायला पाली मुखोद्गत असलेला, दोन्ही लिप्या जाणणारा आणि परंपरेतून शिकलेला माणूस हवा होता. असा माणूस गोव्याच्या एका खेड्यातून निघून तिथवर पोहोचला होता. १९१० मध्ये कोसंबी अमेरिकेला गेले.

हस्तलिखितांतले पाठभेद ताडून पाहणे, चुकीचा शब्द कोणता आणि मूळ कोणता हे ठरवणे, अवतरणांचे मूळ ठिकाण त्रिपिटकात शोधून काढणे, असे हे किचकट काम होते. कोसंबींनी ते मन लावून केले. पण १९१२ च्या सुरुवातीला ते परत आले ते लॅनमन यांच्याशी मतभेद होऊन. ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव कसे यावे, हा वादाचा मुद्दा होता. लॅनमन यांना श्रेय मुख्यतः वॉरन यांच्याकडे ठेवायचे होते. आपण केलेल्या कामाची योग्य नोंद व्हावी, एवढेच कोसंबींचे म्हणणे होते.

पुढे १९१८ ते १९२२, मग १९२६-२७ आणि शेवटी १९३१-३२ असे ते आणखी तीनदा हार्वर्डला गेले. ग्रंथाचे काम पूर्ण झाले. पण तो हार्वर्डच्या प्राच्यविद्या मालेत छापून निघायला १९५० साल उजाडले. त्यावर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधित आवृत्ती करणारे म्हणून कोसंबींचे नाव आहे. तोवर लॅनमनही गेले होते आणि कोसंबीही. कोसंबींनी मात्र वाट पाहत न बसता स्वतः तयार केलेली देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनातून प्रसिद्ध केली होती.

या वादाचे कारण पदवी नसणे हेच होते, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. परंतु ज्याच्या पाठीशी ना पदवी ना कायमचे पद, त्याला दुसऱ्याच्या प्रकल्पात आपल्या श्रमाचे श्रेय मागताना किती एकटे उभे राहावे लागते, हे यातून स्पष्ट दिसते. आज प्रकल्प सहायक म्हणून गावोगाव फिरून माहिती गोळा करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा अनुभव नवा नाही. माहिती त्यांची, मुलाखती त्यांच्या, बोली त्यांची. अहवालावर नाव दुसऱ्याचे. कोसंबींसारखा विद्वान यातून सुटला नाही, तर तेवीस वर्षांचा पदवीधर कसा सुटेल?

पदवी नसलेला गुरू, पदवीधर शिष्य

१९१२ ते १९१८ कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. त्यांच्या आयुष्यातला हा कालखंड आपल्या प्रश्नासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळावे म्हणून भांडारकर आणि कोसंबी यांनी प्रयत्न केले. विषय विद्यापीठात आला, तशी पाली घेऊन पदवी मिळवण्याची सोय महाराष्ट्रात झाली. स्वतःजवळ प्रमाणपत्र नसलेला माणूस दुसऱ्यांना प्रमाणपत्र मिळावे म्हणून झटत होता.

त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी एम.ए. केले, पुढे हार्वर्डहून पीएच.डी. मिळवली आणि ‘विमुत्तिमग्ग’ व ‘विसुद्धिमग्ग’ यांचा तौलनिक अभ्यास सिद्ध केला. तो १९३७ मध्ये पुण्यातून पुस्तकरूपाने निघाला. ज्या विद्यापीठात गुरूने पदवीशिवाय काम केले, तिथेच शिष्याने गुरूच्याच ग्रंथावर पदवी घेतली. कोसंबींना पदव्यांचा तिटकारा असता, तर हे घडले नसते. घरातही त्यांनी मुलांना शाळा-कॉलेजपासून दूर ठेवले नाही. माणिक आणि दामोदर यांना त्यांनी अमेरिकेत शिकवले. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. पुढे पीएच.डी. न करताही ते गणितज्ञ आणि भारतीय इतिहासाचे थोर अभ्यासक म्हणून गाजले. पण हार्वर्डची अव्वल दर्जाची पदवी त्यांच्या हातात होती, हे विसरून चालणार नाही.

कामगारवस्तीतला विहार आणि शेवटची वर्षे

कोसंबी नुसते ग्रंथात रमले नाहीत. १९२२ नंतर काही वर्षे ते गुजरात विद्यापीठात होते. १९२९ मध्ये त्यांनी लेनिनग्राडला पाली शिकवली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले आणि तुरुंगात गेले. १९३७ मध्ये मुंबईच्या परळ भागात कामगार आणि दलितांच्या वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. इमारतीसाठी पैसा बिर्लांचा होता, काम कोसंबींचे. १९४० आणि १९४१ मध्ये नागपूरच्या सुविचार प्रकाशन मंडळाने त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ दोन भागांत काढला.

या ग्रंथातला एक मुद्दा आपल्या परिचयाचा आहे. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा कोसंबींनी स्वीकारली नाही. सुत्तनिपातातील जुन्या सुत्ताचा आधार घेऊन त्यांनी माणसामाणसांतल्या कलहाकडे बोट दाखवले आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणाऱ्या भांडणाशी गृहत्याग जोडला. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही सिद्धार्थाचा गृहत्याग रोहिणीच्या पाण्याच्या वादातूनच घडतो. कोसंबी गांधीजींच्या वर्तुळातले, त्यामुळे आपल्या चळवळीतले अनेक जण त्यांच्याकडे अंतर राखून पाहतात. ते स्वाभाविक आहे. पण मूळ पालीपर्यंत जाऊन दंतकथा तपासण्याची त्यांची रीत ही आपलीच रीत आहे.

अखेरीस शरीर आजाराने थकले. आता समाजाला आपला उपयोग नाही, असे वाटून त्यांनी अन्न सोडून देह ठेवायचे ठरवले. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर प्रभाव होता. सेवाग्राम आश्रमात उपोषण करीत ४ जून १९४७ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते गेले. भारतीय विद्यार्थ्यांनी श्रीलंकेत जाऊन पाली शिकावी, ही त्यांची अखेरपर्यंतची इच्छा होती. मरतानाही त्यांना शिकणारी मुले आठवत होती.

आपण काय निवडावे?

कोसंबींना उभे राहायला अन्नछत्र होते, पंडितांची दारे होती, भांडारकर होते, महाराज होते, आणि मागे घर सांभाळणाऱ्या बाळाबाई होत्या. शिवाय ज्या विषयात ते उतरले, त्यात देशात फारसे स्पर्धक नव्हते. यातले काय आपल्या वस्तीतल्या मुलीकडे आहे? ओळख नाही, आश्रयदाता नाही, आडनाव ऐकून दार उघडणारा पंडित नाही. तिच्या वतीने बोलणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तिची पदवी.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. पण त्यांनी पदवी म्हणजे परीक्षा एवढाच अर्थ घेतला नाही. १९१५ च्या एम.ए.साठी त्यांनी प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहिला. ९ मे १९१६ रोजी, विद्यार्थीदशेतच, त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मूळ गटाबाहेर लग्न न करण्याच्या बंधनात आहे, असे त्यात मांडले होते. हा निबंध पुढच्या वर्षी छापला गेला आणि समाजशास्त्रात आजही वाचावा लागतो. पीएच.डी.चा प्रबंध १९१६ मध्येच मान्य झाला, पण छापील प्रती सादर केल्याशिवाय कोलंबियात पदवी मिळत नसे. म्हणून पुस्तक १९२५ मध्ये निघाल्यावर १९२७ मध्ये ती अधिकृतपणे मिळाली. दरम्यान शिष्यवृत्ती संपली, लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, बडोद्यात राहायला घर मिळाले नाही. तरी १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठून त्यांनी १९२१ ला एम.एस्सी. आणि १९२३ ला डी.एस्सी. मिळवली. डॉक्टरेटचा प्रबंध आधीच मान्य झालेला असताना पुन्हा मास्टर्स कशाला, असा हिशेब त्यांनी केला नाही. १९२१ चा तो प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील सरकारी वित्ताच्या विकेंद्रीकरणावर होता, म्हणजे तेही संशोधनच होते.

म्हणून आपल्या मुलामुलींना स्पष्ट सांगायला हवे. पैसा आणि वेळ दोन वर्षांपुरताच असेल, तर एम.ए. करा. चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळत असेल आणि मार्गदर्शक भक्कम असेल, तर तो मार्ग जरूर पाहा. पण नोंदणीशिवाय, पदवीशिवाय, केवळ प्रकल्पाच्या मानधनावर वर्षे घालवू नका. बार्टीची अधिछात्रवृत्ती पीएच.डी.ला नोंदणी झालेल्यांसाठी असते. प्रकल्पावरचा अनुभव कितीही मोठा असला तरी तो त्या नोंदणीची जागा घेत नाही. घरच्या अडचणीमुळे प्रकल्पावर काम करावेच लागले, तर बाहेरून का होईना एम.ए.ला नाव घाला, आणि अहवालात आपले नाव कसे येणार हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्या.

आणि एम.ए. करायचे तर कोसंबींसारखे करा. तयार नोट्सवर पेपर सोडवून मिळालेली पदवी दार उघडेल, पण आत गेल्यावर बोलायला काही देणार नाही. मूळ साधनाची भाषा शिका. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला १९६९-७० च्या उत्खननात स्तूप सापडले, त्यांवर ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख आहेत. ते वाचू शकणारे आपल्यातले किती? वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात भदंत आनंद कौसल्यायन यांच्या नावाचे बौद्ध अध्ययन केंद्र आहे, नागपूर विद्यापीठात पालीचा विभाग आहे. काशी, कोलंबो, मंडाले फिरायची गरज केळझरच्या मुलाला उरलेली नाही. जो विषय पीएच.डी.ला घ्यायचा आहे, त्याचा लहानसा तुकडा एम.ए.च्या लघुप्रबंधात घ्या. गावातली कागदपत्रे, धर्मांतरानंतरच्या पिढीच्या आठवणी, विहारांचे जुने हिशेब, हे सगळे कोणीतरी टिपून ठेवण्याची वाट पाहत आहे. ज्या पिढीने १९५६ ची दीक्षा डोळ्यांनी पाहिली, ती झपाट्याने कमी होत आहे. तिच्याकडून माहिती टिपायला एम.ए.चा निकाल लागेपर्यंत थांबू नका.

कोसंबींनी पदवीशिवाय जे कमावले, ते कष्टाने कमावले, आणि मग इतरांना पदवी मिळावी अशी सोय केली. बाबासाहेबांनी प्रत्येक पदवीला संशोधनाचे रूप दिले आणि ते समाजाच्या कामी लावले. या दोघांचे नाव घेऊन कोणी आपल्या मुलीला एम.ए. सोडायला सांगत असेल, तर तिला आधी ही दोन्ही आयुष्ये नीट वाचायला द्या. आणि जुलैमधल्या प्रवेशाची तारीख चुकू देऊ नका.

जय भीम! नमो बुद्धाय!